दाराच्या डोक्यावरचा भार

लोखंडाच्या दुकानातून आलेला फोन मला आता आवाजावरूनच कळतो. मागे कटरचा कर्कश सूर चालू असतो, हमाल कुणाला तरी बाजूला व्हायला सांगत असतो, आणि घरमालक किंवा मिस्त्री घाईघाईने विचारतो, "साहेब, सहा फुटी दारावर किती इंची गर्डर टाकू?" टेम्पो बाहेर उभा असतो. भिंत दुसऱ्या दिवशी सकाळी फोडायची ठरलेली असते. त्या क्षणी त्याला फक्त एक आकडा हवा असतो: चार, पाच किंवा सहा.

मी आकडा देत नाही, उलट चार गोष्टी विचारतो. भिंत किती जाडीची? तिच्या वर काय आहे? स्लॅब कोणत्या भिंतींवर टेकला आहे? दार पाडल्यावर दोन्ही बाजूंना किती भिंत उरते? यावर पलीकडे बहुतेक वेळा शांतता पसरते. मग उत्तर येते, "ते बघावं लागेल." हे पुस्तक त्या शांततेसाठी लिहिले आहे. दुकानात जाण्याआधी, घरी बसून, त्या चार प्रश्नांची उत्तरे वाचकाला स्वतः काढता यावीत, एवढीच त्यामागची इच्छा आहे.

दारा-खिडकीवरचे ओझे पेलणाऱ्या या आडव्या तुकड्याला लिंटल म्हणतात, आणि तो शब्द आता मराठीच झाला आहे. गवंड्यांच्या तोंडी दुसरा शब्द मी ऐकलेला नाही. वस्तू मात्र शब्दापेक्षा फार जुनी आहे. वाड्याच्या दाराच्या चौकटीत वरच्या आडव्या लाकडावर गणपती कोरलेला असे, म्हणून ती गणेशपट्टी. आपण नमस्कार तिला करतो, पण दोन-अडीच फुटी भिंतीचे ओझे ती एकटी वाहत नसे. तिच्या मागे, भिंतीच्या पूर्ण जाडीभर, लाकडाचे जाड तुकडे एकाला एक लावून घातलेले असत. जुन्या वाड्याची दुरुस्ती करताना गिलावा काढला की ते दिसतात. चांगल्या सागाचे असतील आणि ओल लागली नसेल तर शंभर वर्षांनंतरही टणक असतात.

आपल्याकडे घराचे माप सांगताना खण म्हणत, आणि खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा. पाच खणांचे घर, सात खणांचा सोपा. मला हे माप फार आवडते, कारण त्यात बांधकामाचे मर्म आहे. जमीन किती आहे हे खण सांगत नाही; लाकूड किती अंतर पेलू शकते हे सांगतो. घराचा आकार माणसाच्या हौसेने ठरत नसून डोक्यावरच्या आडव्या लाकडाच्या कुवतीने ठरतो, हे त्या काळी बोलण्यातच मुरलेले होते. दगडाचेही तसेच. आपला काळा दगड दाबाला जबरदस्त, पण वाकवणारा भार आला की त्याचा खालचा पृष्ठभाग ताणला जातो आणि तो ताण दगडाला सोसत नाही. म्हणून दगडी दारे अरुंद राहिली आणि रुंदी हवी तिथे कमान आली. कमानीत प्रत्येक दगड दाबलाच जातो, ताणला जात नाही.

ही मर्यादा लोखंडाने मोडली. १८६०च्या दशकात मुंबईत काळा घोड्याजवळ वॉटसन हॉटेल उभे राहिले, त्याचा बिडाचा सांगाडा इंग्लंडहून जहाजाने आला होता. पुढे पोलादी गर्डर मुंबईच्या चाळींत आणि कचेऱ्यांत सर्रास आले. जुन्या इमारतीचे छत उघडले की गर्डरच्या पोटावर 'डॉर्मन लाँग' या ब्रिटिश कंपनीच्या नावाची उठावाची अक्षरे अजूनही सापडतात. १९०७ साली टाटांची पोलाद कंपनी स्थापन झाली, १९१२ साली साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, पहिले पोलाद निघाले, आणि आय, चॅनेल, अँगल हे आकार हळूहळू इथल्या बाजारात इथल्याच मालातून मिळू लागले. रेल्वेचे बाद रूळही लोकांनी भिंतींत आणि छतांत घातले. कोकणापासून देशापर्यंत ते अजून ओझी वाहत आहेत.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. नवे घर बांधत असाल तर पोलादी लिंटलच्या वाटेला जाऊ नका. काँक्रीटचे लिंटल छज्ज्यासकट एकाच वेळी ओतता येते, स्वस्त पडते, गंजाची काळजी कमी राहते, आणि आपल्या गवंड्यांचा त्यावर हात बसलेला आहे. पोलादाची खरी जागा उभ्या असलेल्या घरात आहे. भिंत आहे, वर माणसे राहत आहेत, आणि आता तिथे दार हवे आहे: स्वयंपाकघर आणि बैठक एक करायची आहे, पुढची खोली दुकानाला द्यायची आहे, आजोबांच्या चाकाच्या खुर्चीला अरुंद दार पुरत नाही. अशा वेळी काँक्रीट ओतून ते घट्ट होईपर्यंत वरची भिंत टेकूवर दोन-तीन आठवडे लटकत ठेवणे जोखमीचे असते. पोलाद तयार ताकदीनिशी येते. कमी उंचीत बसते, आणि दोन भागांत, भिंतीच्या एकेका बाजूने आत सरकवता येते. या शेवटच्या गुणाबद्दल पुढे सविस्तर लिहिणार आहे. मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो.

आता भिंतीकडे वळू. सर्वांत आधी ठरवायचे ते हे, की भिंत ओझे वाहते की नुसती आडोसा आहे. कॉलम-बीमच्या इमारतीत विटांची भिंत सांगाड्यात भरलेली असते. तिच्यातले दार मोठे केले तर लिंटलवर थोड्या विटांचेच वजन येते. पण पुण्या-नाशकातले साठ-सत्तरच्या दशकातले दुमजली बंगले, तालुक्याच्या गावातली बाजारपेठेतली घरे, मुंबईतल्या जुन्या चाळी यांत भिंतच खांब असते. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. भिंतीवर टकटक करून हे कळत नाही. साडेचार इंची भिंत सहसा आडोसा असते आणि नऊ इंची सहसा ओझ्याची, पण 'सहसा' या शब्दावर कुणाचे छप्पर ठेवता येत नाही. वरच्या मजल्यावर त्याच रेषेत भिंत आहे का, स्लॅबखाली बीम दिसतो का, कोपऱ्यात कॉलम आहे का, हे पाहिल्याखेरीज निर्णय नको.

विटांच्या भिंतीचा एक सुंदर गुण आहे. तिच्यात भोक पडले तरी वरचे सगळे वजन सरळ भोकावर कोसळत नाही. सांधमोड नीट असेल तर विटा आपसांत कमान धरतात आणि ओझे दोन्ही बाजूंना वळवतात. लिंटलवर उरते ते फक्त एका त्रिकोणाचे वजन, ज्याचा पाया दाराएवढा आणि तिन्ही बाजू सारख्या. जुन्या घरात कुजलेले लाकूड निघाल्यावर वरच्या विटा नेमक्या त्रिकोणातच गळून पडलेल्या असतात. वरची भिंत मात्र उभी असते. ते दृश्य एकदा पाहिले की हा नियम आयुष्यभर विसरत नाही.

मात्र या त्रिकोणावरच बहुतेक चुका होतात. कमान धरायला दाराच्या दोन्ही अंगांना पुरेशी भिंत हवी आणि वर पुरेशी उंची हवी. त्रिकोणाच्या आत स्लॅब शिरला, तुळईचे टोक आले किंवा वरच्या मजल्याची खिडकी आली, की त्रिकोणाचा आधार घेता येत नाही.

एक उदाहरण आकड्यांत मांडतो, कारण आकड्यांशिवाय या गोष्टीचा आवाका लक्षात येत नाही. नऊ इंची भिंतीत सहा फुटी, म्हणजे १.८ मीटरचे दार पाडायचे आहे. लिंटल दोन्ही टोकांना २० सेंटिमीटर टेकणार, तेव्हा हिशेबाचा गाळा २ मीटर. फक्त त्रिकोण धरला तर त्याची उंची १.७३ मीटर आणि विटांचे वजन गिलाव्यासह साधारण ८०० किलो भरते. पण आपल्या घरांत लिंटल २.१ मीटरवर आणि स्लॅब ३ मीटरवर असतो. म्हणजे स्लॅब त्रिकोणाच्या पोटातच आला. दोन्ही बाजूंच्या खोल्या साडेतीन मीटर रुंद असतील आणि स्लॅब या भिंतीवर टेकला असेल, तर प्रत्येक खोलीचा अर्धा भार इकडे येतो. १२५ मिलिमीटरच्या स्लॅबचे, वरच्या फरशीचे आणि माणसा-सामानाचे मिळून दर चौरस मीटरला सुमारे ६०० किलो धरावे लागतात. दोन मीटरच्या गाळ्यात सात चौरस मीटरचा भार आला: ४,२०० किलो. त्यात लिंटल आणि स्लॅब यांच्या मधल्या विटांचे ८०० किलो मिळवा. एकूण पाच टन.

एकच भिंत, एकच रुंदी, आणि वर काय आहे त्यानुसार ओझे ८०० किलो किंवा ५,००० किलो. दुकानातून विचारलेल्या प्रश्नात यातले काहीच नसते. वर आणखी एक मजला असेल आणि त्याच्या भिंतीतही खिडकी असेल, तर पाच टनांवर गोष्ट थांबत नाही.

याच पाच टनांसाठी लिंटल निवडून पाहू. ओझ्याच्या नऊ इंची भिंतीला मी जवळजवळ नेहमी चॅनेलची जोडी वापरतो. १०० मिलिमीटरच्या चॅनेलची जोडी घेतली तर ताकदीच्या हिशेबात ती काठावर उत्तीर्ण होते. म्हणजे पोलाद तुटणार नाही. पण ती मधोमध सुमारे ७ मिलिमीटर वाकते. दोन मीटरला साडेपाच मिलिमीटर, म्हणजे गाळ्याचा ३६०वा भाग, ही मी वरची मर्यादा धरतो आणि विटांच्या बाबतीत त्याहून कमीच बरे मानतो. १२५ची जोडी घेतली तर वाक ३ मिलिमीटर होतो. १५०ची घेतली तर पावणेदोनच्याही आत. आता वजन पाहा. सव्वादोन मीटर लांबीला १००ची जोडी साधारण ४२ किलो, १२५ची ५८, १५०ची ७४. शंभरावरून दीडशेवर गेलो तर ३२ किलो लोखंड वाढले, सिमेंटच्या एका गोणीपेक्षाही कमी, आणि वाक चौथ्या हिश्शावर आला.

पोलादाची ही रीत डोक्यात पक्की बसायला हवी. ते मोडण्याच्या खूप आधी वाकते, आणि विटा वाकू शकत नाहीत. लिंटल धडधाकट असते, पण त्यावरची भिंत तडकते. उंची थोडी वाढवली की कडकपणा झपाट्याने वाढतो. गाळा वाढवला की तितक्याच झपाट्याने कमी होतो. दर मीटरचा भार तोच ठेवून गाळा दुप्पट केला तर वाक सोळा पट होतो. सहा फुटी दाराला चाललेला चॅनेल बारा फुटी शटरला दुप्पट करून चालेल, अशी समजूत मी फार ठिकाणी ऐकली आहे, आणि ती फार महाग पडते.

मलाही ती एकदा महाग पडली. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका घराची पुढची भिंत काढून दुकानासाठी जागा करून दिली. ताकदीचा हिशेब चोख केला, वाकाचा केलाच नाही. पहिल्या पावसाळ्यानंतर शटर मधल्या भागात अडकायला लागले. वरच्या खोलीत भिंतीच्या तळाशी एक आडवी भेग दिसली, तिच्यात पोस्टकार्ड सरकत होते. घरातल्या आजी त्या खोलीत झोपायला घाबरू लागल्या. घर पडण्यासारखे नव्हते, हे मला माहीत होते. पण त्यांना हे कोणत्या तोंडाने सांगायचे? पुन्हा टेकू लावून खोल चॅनेल घातले, भेग बुजवली. तेव्हापासून मी आधी वाक काढतो आणि मग ताकद.

लिंटलबद्दल शिकवताना सगळ्यांचे लक्ष मधल्या भागाकडे असते. टोकांकडे कुणी पाहत नाही, आणि जुन्या घरात दगा टोकांशीच होतो. पाच टनांतले अडीच टन एकेका टोकाला उतरतात. १२५च्या दोन चॅनेलांच्या तळव्यांची रुंदी मिळून १३ सेंटिमीटर, टेकण २० सेंटिमीटर. म्हणजे २६० चौरस सेंटिमीटरवर २,५०० किलो, दर चौरस सेंटिमीटरला साडेनऊ किलोंहून जास्त. चुन्यातल्या जुन्या विटकामावर मी चार किलोच्या पुढे जात नाही. मग काय करायचे? टोकाखाली भिंतीच्या पूर्ण जाडीचा, ३० सेंटिमीटर लांबीचा काँक्रीटचा ठोकळा घालायचा. तोच भार आता ६९० चौरस सेंटिमीटरवर पसरला आणि दाब साडेतीन किलोंच्या आसपास आला. या ठोकळ्याला खर्च नगण्य येतो, पण तो आदल्या आठवड्यात घालून पक्का होऊ द्यावा लागतो. आणि घाईत नेमके तेच राहून जाते. पोलादी जाड प्लेट घालूनही चालते, मात्र तिच्याखाली मसाला पूर्ण भरलेला असला पाहिजे. कुठे पोकळी राहिली तर भार एका कडेवर येतो.

ठोकळ्याखालच्या भिंतीचेही पाहायला हवे. नव्या दाराच्या आणि शेजारच्या जुन्या खिडकीच्या मध्ये फूटभर रुंदीचा पट्टा उरत असेल, तर तिथे चांगले लिंटल घालून उपयोग नाही. तो पट्टा आता खांब झाला आणि खांबासारखा तो बांधलेला नाही. अशा वेळी मी घरमालकाला दार सरकवायला सांगतो. नाही सरकवता आले, तर दार करू नका असेही सांगतो.

आकारांबद्दल थोडे. आय सेक्शन एकट्याने घातला तर त्याचा तळवा अरुंद असतो. १५०चा आय ७५-८० मिलिमीटर रुंद, आणि भिंत २३० मिलिमीटर. वरच्या विटा दोन्ही बाजूंनी अधांतरी राहतात. म्हणून दोन आय शेजारी, किंवा एक आय आणि वर वेल्ड केलेली रुंद प्लेट. अँगल साडेचार इंची आडोशाच्या भिंतीला आणि छोट्या खिडकीला ठीक, पण भार एका बाजूला आला की तो पिळवटतो. भंगारातला रूळ मजबूत असतो यात शंका नाही. मात्र त्याची झीज किती झाली आहे आणि आत तडा आहे का, हे बाहेरून कळत नाही. दुरुस्तीत मी तो पुन्हा वापरत नाही. चौकोनी पोकळ पाइप आता लोकप्रिय आहे, त्याची पिळाला ताकद चांगली. पण पातळ पत्र्याचा फर्निचरचा पाइप आणि बांधकामाचा पाइप यांत दुकानात गल्लत होते. जाडी मोजूनच घ्यावा.

परदेशातल्या नातेवाइकांनी पाठवलेली कॅटलॉगची चित्रे दाखवून काही जण विचारतात, की असे तयार लिंटल आपल्याकडे का नाही. ब्रिटनमध्ये बाहेरची भिंत दोन पदरी असते, मध्ये पोकळी. ओल आत येऊ नये म्हणून ही रचना. तिथले लिंटल जस्त चढवलेल्या पत्र्याला घड्या घालून बनवतात, एक पाय आतल्या पदराला, दुसरा बाहेरच्या, आणि मधला उतार पाणी बाहेर सोडतो. तिथला माणूस भिंतीचा प्रकार, रुंदी आणि भार पाहून कॅटलॉगमधून क्रमांक निवडतो. त्या लिंटलचे इतके मोल होते की त्यावरचा पेटंटचा वाद तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत, हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. कॅटनिक या लिंटल बनवणाऱ्या कंपनीच्या पेटंटमध्ये मागचा पत्रा 'उभा' असावा असे लिहिले होते. दुसऱ्या कारखान्याने तो सहा आणि आठ अंश कलता केला. १९८२चा निकाल कॅटनिकच्या बाजूने लागला, कारण इतक्या कलाने ताकदीत फरक टक्काभरच पडतो आणि काम करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने तो पत्रा उभाच असतो. पेटंटची भाषा कशी वाचावी हे शिकवताना तो खटला आजही सांगतात. आपल्या एकसंध नऊ इंची भिंतीला मात्र ते लिंटल बसत नाही. इथे आपल्याला आयएस ८०८ या भारतीय मानकाच्या तक्त्यातले आकार घेऊन, आयएस ८००च्या नियमांनी हिशेब करूनच पुढे जावे लागते. या पुस्तकातले तक्ते त्यासाठी आहेत.

आता बसवण्याबद्दल. निवड आणि बसवणे मी वेगळे मानत नाही. चॅनेलची जोडी मी सुचवतो याचे कारण हेच. वरच्या स्लॅबला आधी दोन्ही खोल्यांतून जॅकचे टेकू द्यायचे, आणि ते खालच्या जमिनीवर फळी घालून उभे करायचे. नुसत्या फरशीवर ठेवले तर फरशी फुटून टेकू ढिला होतो. मग भिंतीच्या एका बाजूने, अर्ध्या जाडीपेक्षा थोडी कमी अशी आडवी खाच कापायची. दुसरी अर्धी भिंत अजून ओझे वाहते आहे. खाचेत पहिला चॅनेल बसवायचा, ठोकळ्यांवर टेकवायचा, पातळी पाहायची. त्याच्या वरच्या तळव्यात आणि विटांत जी फट राहते, ती कोरड्या मसाल्याने ठासायची. मुठीत दाबला तर गोळा व्हावा आणि हाताला पाणी लागू नये, असा मसाला. लाकडी पट्टीने ठोकून ठोकून भरायचा. दोन-तीन दिवस थांबायचे. मग दुसऱ्या बाजूने तेच. शेवटी दोन्ही चॅनेल आरपार बोल्टने, मध्ये पाइपचे तुकडे घालून, एकत्र आवळायचे. त्यानंतर खालच्या विटा काढायच्या, त्याही वरून खाली, एकेक थर, घण न वापरता.

ठासणीचे काम मी कुणावर सोडत नाही. फट राहिली तर विटा आधी ती फट भरायला खाली येतात आणि मग चॅनेलवर बसतात. तेवढ्यात भेग पडून गेलेली असते. पाण्यात कालवलेला पातळ मसाला वाळताना आकसतो आणि पुन्हा फट सोडतो. नेमक्या वजनाचे, नेमक्या उंचीचे पोलाद घेऊन अशा दोन मिलिमीटरच्या फटीने सगळे वाया गेलेले मी पाहिले आहे.

गंजाबद्दल कोकणातल्या आणि मुंबईतल्या वाचकांनी जास्त काळजी घ्यावी. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा मागतो आणि ती जागा तो विटांना उचलून घेतो. जुन्या दाराच्या दोन्ही टोकांशी आडव्या भेगा आणि तपकिरी ओघळ दिसले, तर आत हेच चालले आहे असे समजा. खाऱ्या हवेत मी जस्ताचा थर दिलेलाच माल मागतो. जमत नसेल तर तारेच्या ब्रशने घासून, जस्ताचे प्रमाण चांगले असलेला प्रायमर दोन हात, आणि कापलेल्या कडांना न विसरता. गुळगुळीत पोलादाला गिलावा धरत नाही, म्हणून वर जाळी ताणून बांधावी आणि मग गिलावा करावा. हा गिलावा आगीतही उपयोगी पडतो, कारण ५५० अंशांच्या आसपास पोलादाची ताकद निम्म्यावर येते.

भूकंपाचा विचार सोडून हे पुस्तक पुरे होऊ शकत नाही. ११ डिसेंबर १९६७ला कोयनेने आणि ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीने आपल्याला ते शिकवले. किल्लारीच्या परिसरात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरची माळवदाची जड छपरे झोपलेल्या माणसांवर आली. त्यानंतरच्या बांधकामात लिंटलच्या पातळीला चारही भिंतींतून फिरणारा अखंड काँक्रीटचा पट्टा घालण्यावर भर दिला गेला. भूकंपात टिकणाऱ्या बांधकामाचे मानक, आयएस ४३२६, तेच सांगते. हा पट्टा घराच्या कमरेला बांधलेल्या शेल्यासारखा असतो. नवे दार उंच हवे म्हणून तो कापणारे लोक मला भेटले आहेत. खाली कितीही भक्कम चॅनेल घातला तरी तो त्या कापलेल्या पट्ट्याची जागा घेत नाही, कारण चॅनेल फक्त वरून येणारे ओझे वाहतो आणि पट्टा भिंतींना एकमेकींपासून सुटू देत नाही. पट्टा दिसला तर दार त्याच्या खालीच ठेवा. त्याच नियमपुस्तकात दार कोपऱ्यापासून किती दूर असावे आणि भिंतीच्या लांबीत मोकळ्या जागा किती असाव्यात याच्या मर्यादा आहेत. दुमजली घरात मोकळ्या जागांची बेरीज भिंतीच्या निम्म्या लांबीपुढे जाऊ देऊ नये. नवे दार करताना जुनी दारे-खिडक्याही या बेरजेत धरायच्या, हे हमखास विसरले जाते.

हे पुस्तक वाचून कुणी स्वतः भिंत फोडावी असे मला वाटत नाही. ओझ्याच्या भिंतीला हात लावण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा नकाशा आणि पालिकेची परवानगी लागते, आणि ती घ्यावीच. पण इंजिनिअर येईल तेव्हा त्याच्याशी काय बोलायचे, मिस्त्रीने 'चार इंची घाला, काही होत नाही' म्हटले तर काय विचारायचे, दुकानात चॅनेलवर टेप लावून काय मोजायचे, एवढे घरात राहणाऱ्या माणसाला कळलेच पाहिजे. घर त्याचे आहे, वर झोपणारी माणसे त्याची आहेत.

पहिल्या प्रकरणाला फक्त एक टेप, खडू आणि कागद लागेल. जिथे दार हवे आहे तिथे भिंतीवर खडूने चौकट काढा. तिच्या वरच्या दोन टोकांपासून साठ अंशांत रेघा वर न्या, जिथे मिळतात तो त्रिकोण पुरा करा. छत त्याच्या आत आले तर रेघ तिथेच थांबवा आणि कागदावर तशी नोंद करा. मग जिना चढून वरच्या मजल्यावर जा, त्याच भिंतीच्या रेषेत उभे राहा, आणि तिथे काय काय आहे ते लिहून काढा: भिंत, खिडकी, पाण्याची टाकी, देवघर, पुस्तकांचे कपाट.